ढुंढिराज काकांचं मत

गोरेगाव, मुंबई
१६ नोव्हेंबर १९९६

इंदूताई,

भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू शिव्या देत असशील. त्या चालू ठेव, पण मधे दम खाशील तेव्हा हे वाच. आपला सिनेमा झाला! 'सासरेबुवा, निघा आता!' शुक्रवारी, बावीस तारखेला नाशकात लागतोय. कथा आणि संवाद तुझ्या या चुलतभावाचे. पडद्यावर नाव चांगलं ठसठशीत आहे, तेव्हा शिट्टी मारणारा एखादा माणूस बसवून ठेव.

गोष्ट अशी. एक चिक्कू जावई, त्याच्या घरी राहणारे सासरे मरतात. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात तर कावळा शिवेना. म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिलीय आणि ती कुणालाच ठाऊक नाही. मग ती शोधायची पळापळ. इथल्या टॉकीजचा मॅनेजर म्हणाला, लोक हसताना खुर्च्या मोडतायत, भरपाई लेखकाकडून घेणार.

आता खरी बातमी. त्यात एक भटजी आहे आणि तो दुसरा तिसरा कुणी नसून आपले ढुंढिराज काका, म्हणजे तुझे अण्णा आहेत! रामकुंडावर कावळा अडला की सगळे गुरुजी त्यांनाच बोलावतात ना? आधी उपरणं दोनदा झटकणार, मग चवड्यांवर उभे राहणार, एक डोळा मिटणार आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला विचारावं तसं मेलेल्या माणसाला विचारणार, 'अहो तात्या, ऐकताय ना? मग या की!' मग एकेक कबुली देत जाणार. धाकटीचं लग्न करू, बांधाचं भांडण मिटवू. नेमकी कबुली तोंडून निघाली की कावळा उतरलाच. लहानपणी त्यांच्या मागे बसून मी हे किती वेळा पाहिलंय. आमच्या नटाला महिनाभर घासून घासून शिकवलं. काकांना सांग, तुमच्या पुतण्याने तुम्हाला पडद्यावर नेऊन बसवलंय.

एक काम कर. नाशिकचे प्रेक्षक काय म्हणतात ते मला लिही. पेपरवाले लिहितात ते मला नको, थेटरातून बाहेर पडताना लोक बोलतात ते हवं. आणि सगळ्यात आधी काकांचं मत.

आईचे गुडघे तसेच. 'नाशिकला ने' म्हणून रोज पाठ धरते. नेईन, जरा मोकळा झालो की.

तुझा,
रंगा


पंचवटी, नाशिक
२७ नोव्हेंबर १९९६

रंगा,

तू सांगितलेलं काम केलं.

पहिल्या दिवशीच गेलो. अण्णा एकटे कसे जातील? तुझं पत्र त्यांनी घाटावर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. एकूण एक गुरुजी मंडळी बरोबर निघाली. अण्णांनी रेशीमकाठी धोतर नेसलं, उपरण्याला दोनदा इस्त्री करून घेतली. टॉकीजच्या दाराशी नारळ वाढवला. डोअरकीपर ओरडायला आला, तर त्याच्याच हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. बाल्कनीची पहिली रांग सगळी आमची. ज्याला बसायला जागा द्यायची त्याला अण्णा हाताला धरून बसवत होते, जसं काही घरचं कार्य.

हाऊसफुल्ल होता. लोक खूप हसले. तू मतं मागितलीस ती लिहिते.

शालिमारहून आलो त्या रिक्षावाल्याचं मत, पैसे वसूल. माझ्या ऑफिसातली प्रतिभा म्हणते, हिरो यथातथाच, पण भटजी बेस्ट. आमच्या मागे मालेगावचे एक लुंगीवाले व्यापारी बसले होते, ते मांडीवर थापा मारत म्हणत होते, "पंडितजीने तो मार डाला!" मालनबाई तुला आठवते का? मखमलाबादहून घाटावर फुलं विकायला येते ती. ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर जाऊन आली. म्हणाली, "लय हसले बाई मी, पदर तोंडात कोंबला. पन मंग घरी जाऊन वाटलं, आपल्या म्हाताऱ्याच्या टायमाला बी लोकं आसंच हसतीन का काय?"

अण्णांचं मत तू मुद्दाम विचारलंयस. ते काही बोलले नाहीत. घरी आले, उपरण्याची घडी घातली, दोनदा भात घेतला आणि झोपले.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं.

इंदू


गोरेगाव
६ डिसेंबर १९९६

इंदूताई,

जियो! तुझं पत्र मी निर्मात्याला वाचून दाखवलं. 'पंडितजीने मार डाला' ऐकून तो उठून नाचला. मालेगावात प्रिंट वाढवतोय.

आणि काकांनी दोनदा भात घेतला! अगं, म्हणजे खूशच की. नाराज असले की ते ताटावरून उठतात, हे आपल्या घरात कुणाला सांगायला हवं? तोंडाने कौतुक करायची त्यांची रीतच नाही. माझ्या मुंजीत मी सगळी संध्या न चुकता म्हटली, तेव्हाही 'हं' एवढंच म्हणाले होते.

इथे मात्र एक प्रेक्षक अजिबात हसला नाही. आमच्या मातोश्री. शेजारच्या बाईंना घेऊन गेली, परत आली आणि म्हणाली, "भावजींचं ह्या माणसाला जमत नाही." मी म्हटलं, आई, ते जमू नये म्हणूनच त्याला पैसे दिलेत. तर म्हणाली, मला नाशिकला ने, भावजींना भेटायचंय. आता तिला कुठे समजावत बसू? पुढच्या सिनेमाचं बोलणं चाललंय, दिवसाचं जेवण उभ्याने होतं.

अजून मतं लिही. काहीही लिही. वाईट असलं तरी चालेल, मी काही काचेचा नाही. आणि काकांना एकदा बोलतं कर ना. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

रंगा


पंचवटी
२८ डिसेंबर १९९६

रंगा,

वाईट असलं तरी चालेल असं लिहिलंस. बरं झालं, कारण मागच्या पत्रात मी निम्मंच लिहिलं होतं.

'पडद्यावर नेऊन बसवलंय' असं तू लिहिलंस. अण्णांना वाटलं, तू त्यांच्या विद्येवर काही चांगलं केलं असशील. म्हणून नारळ, म्हणून रेशीमकाठी धोतर. पडद्यावर तो ढेरपोट्या आला, त्याने उपरणं झटकताना स्वतःच्याच धोतराचा कासोटा सोडला, 'ऐकताय ना?' म्हटलं आणि सासऱ्यांना कबुली दिली, 'टीव्हीचा रिमोट तुमच्या फोटोपाशी ठेवू!' तेव्हा पहिलं कोण हसलं माहीत आहे? अण्णांच्या उजव्या हाताला बसलेले गुरुजी. मग आमची सगळी रांग हसली. मध्यंतरात दिवे लागले तर खालचे लोक माना वर करून बाल्कनीकडे बघत होते आणि बोटाने पोरांना दाखवत होते, तो बघ, तो खरा. अण्णा मान ताठ करून बसून राहिले. सिनेमा पुरा पाहिला. मी दोनदा म्हटलं, उठू या. म्हणाले, नारळ फोडून आलोय, मधून उठायचं नसतं.

आता घाटावरचं ऐक. अण्णा दिसले की पोरं लांबून ओरडतात, 'ऐकताय ना?' आणि दुसरी टोळी पुलावरून उत्तर देते, 'मग या की!' भाजीवाल्या, टांगेवाले, कुणी मागे नाही. अण्णांनी आधी दुर्लक्ष केलं, मग एकाच्या कानाखाली वाजवली. त्याने तर जास्तच मजा आली त्यांना.

गेल्या आठवड्यात इगतपुरीचं एक कुटुंब आलं. रेल्वेतले दोघे भाऊ, आईचा दहावा. कावळा येईना. अण्णांना बोलावलं. त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "अहो माई, ऐकताय ना?" आणि वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, 'रिमोट ठेवू का?' थोरला मुलगा रडत होता, त्याला फस्सकन हसू आलं. त्याला हसताना बघून धाकटा हसला. मग सुना, मग सगळेच. त्यांना थांबताच येईना रे. आईचा पिंड समोर, डोळ्यांत पाणी आणि हसतायत. कावळे केव्हाच उडून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी उरकला. त्यानंतर थोरला भानावर आला आणि अण्णांच्याच अंगावर धावून गेला. "आमच्या आईच्या दहाव्याला हा तमाशातला माणूस कोणी आणला?" असं सगळ्या घाटादेखत. तेराव्याला त्यांनी दुसरे गुरुजी घेतले.

त्या दिवसापासून अण्णा घाटावर गेलेले नाहीत. चाळीस वर्षांत ताप असला तरी गेलेले आहेत. सत्यनारायण, वास्तुशांत, असली कामं करतात. कावळ्याचं कुणी बोलवायला आलं तर मला सांगायला लावतात, घरी नाहीत म्हणून. ज्या एका गोष्टीमुळे त्यांना लोक ओळखायचे तीच आता त्यांना तोंडातून काढता येत नाही. त्यांनी परत घाटावर उभं राहावं एवढंच मला हवंय. त्यासाठी तू काय करणार आहेस ते लिही.

इंदू


गोरेगाव
८ जानेवारी १९९७

इंदूताई,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. खरंच वाटलं.

पण जरा थंड डोक्याने विचार कर. त्या इगतपुरीच्या मुलाला हसू आलं, त्याला मी काय करू? आईवर एवढी माया असती तर हसला असता का? आणि लोक संवाद म्हणत फिरतात, ही तर लेखकाची खरी कमाई. काकांनीही ते खिलाडूपणाने घ्यायला हवं होतं. कुणी 'ऐकताय ना?' म्हणालं तर आपणच पुढे म्हणावं, 'मग या की!' लोक हात जोडतील. ज्याची नक्कल होते तो मोठा माणूस असतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं असतं, पण ते फोनवर यायलाच तयार नसतात.

तू विचारतेस, काय करणार. मी करतोय. मार्चच्या एक तारखेला सिनेमाला शंभर दिवस होतात, त्याच टॉकीजमध्ये समारंभ आहे. मी निर्मात्याला सांगून काकांचा सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ, स्टेजवर मानाची खुर्ची. आमचा नटही येणार आहे. सगळ्या नाशिकसमोर एकदा त्यांचा मान झाला की कोण हसणार आहे? ज्या गावाने हसं केलं त्याच गावाकडून टाळ्या घ्यायच्या. तू फक्त त्यांना तयार कर.

आईला मधूनच धाप लागते. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात. ती अजून नाशिकचंच घेऊन बसलीय.

रंगा


पंचवटी
३ मार्च १९९७

रंगा,

तू आला नाहीस. काकूंना दवाखान्यात ठेवलंय असं कळलं, म्हणून त्याबद्दल काही बोलत नाही. त्यांना आता कसं आहे?

समारंभाचा वृत्तांत तुला हवा असेल.

अण्णांना मी तयार केलं नाही, मी नकोच म्हणत होते. निमंत्रणपत्रिकेवर स्वतःचं नाव छापलेलं बघून तेच तयार झाले. तुला माहीतच आहे त्यांचं. पत्रिका तीन दिवस देव्हाऱ्यात होती. आरशासमोर उभे राहून भाषण पाठ केलं, कालिदासाच्या श्लोकाने सुरुवात. मी मनात म्हटलं, झालं तर बरंच होईल.

भाषण करायला कुणी सांगितलंच नाही. शाल घातली आणि निवेदक म्हणाला, "आता एक गंमत!" स्टेजवर कागदाच्या लगद्याचा मोठा कावळा आणून ठेवला. एकीकडे तुझा नट, एकीकडे अण्णा. दोघांनी एकामागून एक हाक मारायची आणि खरे ढुंढिराज कोण ते प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून ठरवायचं. तुला हे ठाऊक होतं का? निर्माता तर म्हणाला, श्रीरंगजींना आयडिया एकदम पसंत आहे.

नटाने मारली. धोतर सोडलं, डोळा मारला, थेटर डोक्यावर घेतलं.

मग अण्णांची पाळी. ते माईकपाशी गेले आणि निवेदकाला विचारलं, "कुणासाठी?" निवेदकाला कळेना. अण्णा म्हणाले, "गेलंय कोण? नाव सांगा." निवेदक म्हणाला, "अहो कुणासाठीही, मारा हो!" लोकांना वाटलं हाही विनोदच. अण्णा तसेच उभे. मग खालून 'मारा, मारा' सुरू झालं, तेव्हा त्यांनी नावाशिवायच हाक मारली. आवाज फाटला. मागून कुणीतरी ओरडलं, 'ओरिजिनल पाहिजे, ओरिजिनल!'

टाळ्या नटाला पडल्या. माझे वडील ढुंढिराज नाहीत असं नाशिकच्या प्रेक्षकांनी ठरवलं. अण्णांना उत्तेजनार्थ म्हणून एक स्टीलचा डबा मिळाला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि आभार मानले.

घरी येताना रिक्षात एकच वाक्य बोलले. "तो चांगला करतो."

प्रेक्षकांची मतं मागवलीस ना तू? ही घे.

इंदू


गोरेगाव
११ एप्रिल १९९७

इंदूताई,

तुझ्या मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही. त्यानंतर आईचं जे झालं ते तुला माहीतच आहे. आता लिहितोय ते वेगळंच. दहाव्याला तू घरी स्वयंपाकात होतीस, घाटावर काय घडलं ते तुला काकांनी सांगितलं नसेल. मी सांगतो.

आईने शेवटी एकच सांगितलं होतं, माझं सगळं नाशिकला करा आणि भावजींच्या हातून करा. मी फोन केला तेव्हा काका 'या' एवढंच म्हणाले. मला वाटलं, मिटलं. एवढ्या महिन्यांनी माझ्या आईसाठी ते घाटावर आले, मला भरून आलं होतं.

विधी त्यांनी नीट केला. पिंड ठेवला. कावळे समोरच्या कळसावर ओळीने बसलेले, एक हलेना. अर्धा तास झाला, एक तास झाला. मी कबुल्या द्यायला लागलो. आई, तुझ्या पाटल्या इंदूताईला देतो. घराला तुझं नाव देतो. वेळेवर जेवेन. लग्न करेन. काही नाही. मी काकांकडे बघितलं तर ते हात बांधून उभे. मी म्हटलं, काका, हाक मारा ना. ते म्हणाले, "तू मार. महिनाभर शिकवलीस ना त्याला? तुला येते."

मी पाया पडलो त्यांच्या. हलले नाहीत.

मग मी उभा राहिलो. ताई, मी ठरवून काही केलं नाही. माझेच हात उपरण्याकडे गेले आणि दोनदा झटकलं. मीच चवड्यांवर उभा राहिलो. "आई, ऐकतेयस ना? मग ये की!" असं तोंडातून निघालं आणि ते जसंच्या तसं त्या नटाचं निघालं. तोच हेल, तोच झटका. कारण मी हजार वेळा त्याच्याकडून तसंच म्हणवून घेतलं होतं. शेजारच्या पिंडापाशी बसलेली माणसं हसली. पुलावरून पोरं ओरडली, 'सासरेबुवा, निघा आता!' एका माणसाने तर जवळ येऊन विचारलं, "शूटिंग हाय का? क्यामेरा कुठं हाय?"

माझ्या आईच्या दहाव्याला.

काकांनी शांतपणे दर्भ घेतला, कावळा वळला, पिंडाला लावला, दक्षिणा घेतली आणि पायऱ्या चढून निघून गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. हा सूड आहे. माझ्यावर काढायचा तर काढायचा होता, पण त्यांनी तो एका मेलेल्या बाईवर काढला. माणूस एवढा नीच कसा होऊ शकतो, हे त्यांना विचार.

श्रीरंग


पंचवटी
२० एप्रिल १९९७

रंगा,

तुझं पत्र वाचून मी रडले. काकूंच्या वाट्याला हे यायला नको होतं. त्यांनी मला लहानपणी वेण्या घातल्यात.

पण तू म्हणतोस तसं नाही रे. सूड नव्हता. तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता सांगते. अण्णांची हाक गेली. समारंभानंतर ते रोज पहाटे परसात उभे राहतात, मी खिडकीतून बघते. उपरणं झटकतात आणि तिथेच हात थांबतो, आपण दोनदा झटकलं हे त्यांच्या लक्षात येतं. मग न झटकता करून बघतात. हाक मारतात तर ती त्या नटाचीच येते. पुन्हा मारतात, पुन्हा तीच. एकदा तर त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी बाहेर गेले नाही, त्यांना आवडलं नसतं.

माझी खात्री आहे, त्या दिवशी त्यांना ती काकूंसाठी तशा आवाजात मारायची नव्हती. म्हणून गप्प राहिले. तुला 'तू मार' म्हणाले ते रागाने नाही, नाइलाजाने. त्यांच्याकडे आता देण्यासारखं काही उरलेलं नाही. तेव्हा राग धरू नकोस. त्यांना चार ओळी लिही. म्हातारा माणूस आहे.

इंदूताई


गोरेगाव
२८ एप्रिल १९९७

ती. काका,

नमस्कार. इंदूताईचं पत्र आलं आणि सगळा उलगडा झाला. मी तुमच्याबद्दल भलतंच मनात आणलं होतं, ते काढून टाकलं आहे. तुमची हाक गेली हे वाचून फार हळहळलो. कलावंताचं असं होतं, आमच्या क्षेत्रातही मी पाहिलं आहे. त्याची लाज वाटू देऊ नका. आईच्या बाबतीत जे झालं त्याबद्दल मी तुम्हाला मनापासून क्षमा केली आहे. तिनेही केली असेल.

आता घाटावरची दगदग सोडा. मी दर महिन्याला काहीतरी पाठवीन, आरामात राहा. पुढच्या सिनेमात एका प्रेमळ आजोबांचं छोटंसं काम आहे, मनात असेल तर कळवा. आवाजाचं काही नाही त्यात.

जाता जाता एक. इतके महिने इंदूताईला विचारतोय, पण सिनेमा तुम्हाला कसा वाटला, हे तुमच्याकडून कधी कळलं नाही. माझ्यासाठी तेच मत सगळ्यात मोठं आहे. मोकळेपणाने लिहा.

तुमचा,
श्रीरंग


पंचवटी, नाशिक
९ मे १९९७

चि. श्रीरंग यास,

आशीर्वाद नात्याने द्यावे लागतात, ते दिले असे समज.

पत्र पावले. माझी हाक गेली हे इंदूने तिच्या समजुतीप्रमाणे कळवले. परसात आवाज चांगला लागत नव्हता हे खरे आहे. परसात कुणी मेलेले नव्हते. गेल्या आठवड्यात मालनबाईच्या सासऱ्याचा दहावा होता. तिचा नवरा सहादू मला बोलवायला आला. मी गेलो. घाटावर पोरे होती, ती ओरडली. उपरणे दोनदाच झटकले, कारण मी ते तसेच झटकतो. म्हाताऱ्याचे नाव घेऊन हाक मारली. हसणारे हसले, नंतर हसायचे थांबले. 'मळ्यातले आंब्याचे झाड तोडणार नाही' असे सहादूकडून वदवले आणि कावळा आला. त्यानंतर मी रोज घाटावर जातो. पैसे पाठवू नयेत. आजोबांचे काम दुसऱ्या कुणास द्यावे.

तू मत विचारले आहेस. सिनेमा मी चार वेळा पाहिला. पहिल्यांदा मंडळींबरोबर, नंतर एकट्याने. इंदूला ठाऊक नाही. सिनेमा चांगला आहे. नट हुशार आहे. तिसऱ्या वेळी मलाही हसू आले. तू माझ्या मागे बसून इतके बारकाईने बघत होतास, हे मला तेव्हा कळले नव्हते. मला वाटायचे, तू विद्या शिकतो आहेस. मला राग आला आणि तो गेलेला नाही. मी तुझी क्षमा मागितली नव्हती, तेव्हा तू दिलेली परत घ्यावीस.

आता वहिनींचे. त्या दिवशी मला हाक येत होती. पिंड ठेवला त्याच क्षणी त्यांच्या मनात काय राहिले आहे, हेही मला समजले. त्या या घरात आल्या तेव्हापासून मी त्यांना ओळखत होतो. काही अवघड नव्हते, पोटच्या मुलाला तर कळायलाच हवे होते. तू पाटल्या आणि घराचे नाव असले बोलत राहिलास आणि मी ऐकत उभा राहिलो. एक वाक्य होते. मी बोललो असतो तर कावळा तिथल्या तिथे उतरला असता.

मी बोललो नाही. ते वाक्य मी तुला सांगणार नाही. इंदूला विचारू नकोस, तिला माहीत नाही.

दर्भाच्या कावळ्याने शास्त्र पुरे होते, एवढे समाधान तुला आहे. वर्षश्राद्धाला दुसरे गुरुजी पाहावेत.

ढुंढिराज